यंत्राने ‘नाही’ म्हटले, तर कारण कोणाला विचारायचे?

1 जुलै 2025 पासून देशभरातील अंगणवाड्यांमध्ये घरपोच आहार घेण्यासाठी चेहऱ्याची ओळख पटवणे सक्तीचे झाले. गरोदर महिला, स्तनदा माता किंवा सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळाची आई आहाराचे पाकीट घ्यायला आली, की सेविका मोबाईलवर तिचा फोटो काढते. ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप तो फोटो नोंदीतल्या चेहऱ्याशी ताडून पाहते. जुळला तर पाकीट मिळते, नाही जुळला तर पुन्हा फोटो. अंगणवाडी सेविकांच्या संघटनांनी याविरुद्ध आवाज उठवला. त्यांच्या तक्रारी साध्या आहेत. फोन जुने आहेत, नेटवर्क मिळत नाही, आधारला जोडलेला नंबर बंद पडलेला असतो किंवा तो फोन नवऱ्याबरोबर कामावर गेलेला असतो, मग ओटीपी कोण सांगणार?

हा आहार म्हणजे कोणाची मेहेरबानी नाही. 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने दिलेला तो हक्क आहे. हक्क कायद्याने दिला आणि त्याच्या दारात एक ॲप उभे केले. ते ॲप ‘नाही’ म्हणाले, तर कारण सेविकेला सांगता येत नाही, कारण तिलाही ते माहीत नसते. आजच्या लेखाचा विषय हाच आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल आपल्याकडे चर्चा होते ती नोकऱ्या जातील का, यंत्रमानव माणसावर राज्य करेल का, अशा प्रश्नांची. पण आपल्या वस्तीत जी कृत्रिम बुद्धिमत्ता येऊन बसली आहे, ती वेगळीच आहे आणि तिच्याबद्दल कोणी फारसे बोलत नाही.

एका कामापुरती हुशारी

तज्ज्ञ या प्रकाराला ‘नॅरो एआय’ म्हणतात. साध्या मराठीत सांगायचे तर एकाच कामापुरती हुशारी. बुद्धिबळ खेळणारे यंत्र जगज्जेत्याला हरवते, पण शेजारच्या चुलीवर भाकरी करपते आहे हे त्याला कळत नाही. आपण दिवसभर अशी कितीतरी यंत्रे वापरतो. चेहरा पाहून उघडणारा फोन, पुढचा शब्द सुचवणारा कीबोर्ड, कुठे वाहतूक तुंबली आहे ते दाखवणारा नकाशा, नको असलेले ईमेल बाजूला काढणारी चाळणी, संशयास्पद व्यवहार झाला की बँकेकडून येणारा इशारा, एक भीमगीत ऐकले की पुढची दहा गाणी आपोआप समोर आणणारे यूट्यूब. ही सगळी त्याचीच रूपे आहेत.

ही यंत्रे काम करतात कशी? त्यांना नियम शिकवलेले नसतात, उदाहरणे दाखवलेली असतात. हजारो, लाखो जुन्या नोंदी त्यांच्यापुढे ठेवल्या जातात. त्यातून यंत्र नमुना शोधते आणि नवी नोंद आली की ती कोणत्या नमुन्यात बसते याचा अंदाज बांधते. अंदाज हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो आहोत. चेहरा ओळखणारे यंत्र ‘ही तीच बाई आहे’ असे कधीच सांगत नाही. ‘हे दोन फोटो इतक्या प्रमाणात सारखे दिसतात’ एवढेच ते सांगते. किती सारखेपणा पुरेसा मानायचा, ती रेषा माणसाने ठरवलेली असते. ती रेषा कोणी ठरवली आणि का, हे आपल्याला कोणी सांगत नाही.

यात आपला फायदाही आहे, तो नाकारून चालणार नाही. पहिली-दुसरीतले मूल मोठ्याने वाचते आणि चुकले की फोन त्याला दुरुस्त करतो, अशी ॲप्स आज मराठीतही आहेत. ज्या घरात अभ्यास घ्यायला कोणी शिकलेले नाही, तिथे हे मोठे काम आहे. डोळ्यांनी न दिसणाऱ्या विद्यार्थ्याला छापील पान वाचून दाखवणारा फोन मिळाला आहे. भारत सरकारने 2022 मध्ये ‘भाषिणी’ सुरू केली, तिचा उद्देश सरकारी सेवा भारतीय भाषांमध्ये बोलून वापरता याव्यात हा आहे. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने संपूर्ण तिपिटक देवनागरीसह अनेक लिप्यांमध्ये संगणकावर आधीच आणून ठेवले आहे. उद्या पालीतून मराठीत चांगला अनुवाद करणारे यंत्र घडवायचे असेल, तर त्याचा पाया तयार आहे. तेव्हा यंत्राला शिव्या देणे हा आमचा हेतू नाही.

बाबासाहेबांची भूमिका

1945 साली प्रसिद्ध झालेल्या ‘व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स’ या ग्रंथात गांधीवादाची चिकित्सा करताना बाबासाहेबांनी यंत्रांची बाजू घेतली आहे. माणसाला पशूसारख्या कष्टातून सोडवायचे आणि मनाच्या विकासासाठी फुरसत द्यायची, तर यंत्राला पर्याय नाही, असे त्यांचे म्हणणे होते. यंत्रामुळे जे अनर्थ घडले त्यांचा दोष त्यांनी यंत्रावर टाकला नाही, तर यंत्राचा लाभ मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेवर टाकला.

हीच कसोटी आजच्या यंत्रांना लावून पाहू. आपल्या माणसांना यंत्राची सर्वात जास्त गरज कुठे आहे? गटारात. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा कायदा 2013 मध्ये झाला. केरळमधील तरुणांच्या जेनरोबोटिक्स या कंपनीने मॅनहोल साफ करणारा ‘बँडिकूट’ हा रोबोट 2018 मध्ये आणला. म्हणजे कायदाही आहे आणि यंत्रही आहे. तरी माणसे गटारात उतरत राहिली आणि मरत राहिली. शेवटी ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला गटारातील मृत्यूची भरपाई 30 लाख रुपये करावी लागली. जिथे यंत्राने जीव वाचेल तिथे ते उशिरा येते, आणि जिथे गरिबाच्या पाकिटावर नजर ठेवायची आहे तिथे एका तारखेला देशभर सक्तीचे होते. यंत्र कोणासाठी, याचे उत्तर या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की मिळते.

शेतीचेही तसेच. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने उपग्रहाची चित्रे, हवामानाची माहिती आणि मातीतले सेन्सर यांच्या मदतीने उसाला पाणी आणि खत किती द्यायचे हे सांगणारा प्रयोग केला. 2025 मध्ये महाराष्ट्र सरकारने ‘महाॲग्री-एआय’ धोरण मंजूर करून त्यासाठी 500 कोटी रुपयांची तरतूद ठरवली. चांगली गोष्ट आहे. पण देशाच्या लोकसंख्येत 16.6 टक्के असलेल्या अनुसूचित जातींच्या ताब्यात, 2015-16 च्या कृषी गणनेनुसार, वहिती क्षेत्राचा 9 टक्क्यांहूनही कमी वाटा आहे. ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्याला हे ॲप काय सल्ला देणार?

जुन्या नोंदी, जुना अन्याय

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. यंत्र जुन्या नोंदींवरून शिकते. मग त्या नोंदींमध्ये अन्याय असेल तर?

अमेरिकेतील ॲमेझॉन कंपनीने नोकरीचे अर्ज चाळण्यासाठी एक यंत्रणा तयार केली होती. दहा वर्षांच्या अर्जांवर ती शिकली. त्या दहा वर्षांत अर्ज आणि निवड बहुतेक पुरुषांची होती. यंत्राने त्यातून धडा घेतला की पुरुष बरे, आणि अर्जात ‘महिला’ हा शब्द दिसला की ते गुण कमी करू लागले. कंपनीने शेवटी ती यंत्रणा सोडून दिली. 2018 मध्ये ही बातमी बाहेर आली. कोणीही यंत्राला ‘बायकांना घेऊ नकोस’ असे सांगितले नव्हते.

त्याच वर्षी जॉय बुओलामविनी आणि टिमनिट गेब्रू या दोन संशोधक स्त्रियांनी, चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखणाऱ्या यंत्रांची तपासणी केली. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक एक टक्क्यापेक्षा कमी होती. सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती 34.7 टक्क्यांपर्यंत गेली. शिकताना यंत्राला ज्यांचे चेहरे कमी दाखवले गेले, त्यांच्याच बाबतीत ते जास्त चुकले.

नेदरलँड्समध्ये पाळणाघराच्या सरकारी अनुदानात फसवणूक शोधण्यासाठी धोका मोजणारी यंत्रणा वापरली गेली. तिच्यात अर्जदाराचे राष्ट्रीयत्व हाही एक निकष होता. हजारो पालकांवर फसवणुकीचा खोटा ठपका बसला, त्यांच्याकडून मोठ्या रकमा वसूल केल्या गेल्या, घरे मोडली. प्रकरण इतके चिघळले की जानेवारी 2021 मध्ये तिथल्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

आणि आपल्या शेजारी तेलंगणात? तिथे ‘समग्र वेदिका’ नावाची यंत्रणा निरनिराळ्या खात्यांच्या नोंदी नाव, पत्ता वगैरे जुळवून एकत्र करते आणि कोण पात्र, कोण अपात्र याचा इशारा देते. 2024 मध्ये अल जझीराने प्रसिद्ध केलेल्या शोधवृत्तानुसार, एका गरीब विधवेच्या दिवंगत पतीची नोंद मिळत्याजुळत्या नावाच्या कारमालकाशी जोडली गेली आणि त्या बाईला स्वस्त धान्य नाकारले गेले. त्याआधी एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेलंगणातील सुमारे 19 लाख रद्द शिधापत्रिकांची प्रत्यक्ष पडताळणी करायला सांगितले होते. त्या फेरतपासणीत पंधरा हजारांहून अधिक अर्ज पात्र निघाले. पंधरा हजार घरांतल्या चुली यंत्राच्या एका अंदाजाने अडल्या होत्या.

आपल्यासाठी धोका कुठे आहे?

‘यंत्राला जात कळत नाही’ असे अनेक सुशिक्षित लोक आनंदाने सांगतात. आम्हाला हे पटत नाही. अर्जात जातीचा रकाना नसला तरी आडनाव असते, पिनकोड असतो, शाळेचे नाव असते, गावातली वस्ती असते. आपल्या देशात आडनावावरून आणि वस्तीवरून जात ओळखायला माणसाला दोन मिनिटे लागतात. लाखो नोंदी चाळणाऱ्या यंत्राला तो नमुना सापडणार नाही, असे कोणी कशाच्या आधारे म्हणावे? घर भाड्याने देताना, कर्ज देताना, नोकरीला घेताना आजवर जे नकार दिले गेले, तेच उद्या यंत्राचे पाठ्यपुस्तक होऊ शकतात.

पोलिसांचे उदाहरण घ्या. महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये पोलिसांच्या कामात कृत्रिम बुद्धिमत्ता आणण्यासाठी ‘मार्व्हल’ ही कंपनी स्थापन केली. सायबर गुन्ह्यांचा तपास वेगाने व्हावा, यात कोणाला हरकत असेल? पण गुन्ह्याचा अंदाज जुन्या नोंदींवरून बांधायचे ठरले, तर 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याची आठवण ठेवावी लागेल. तो कायदा 1952 मध्ये गेला, पण कुठे चोरी झाली की आधी पारधी वस्तीवर जायचे ही सवय गेली नाही. त्या सवयीतून तयार झालेल्या नोंदी यंत्राला दिल्या, तर ते पुन्हा पारधी वस्तीकडेच बोट दाखवेल. फरक एवढाच की आता त्या पूर्वग्रहाला विज्ञानाचा शिक्का मिळेल.

बौद्ध समाजाची आणखी एक खास अडचण आहे. एकाच घरात आजोबांच्या दाखल्यावर ‘हिंदू महार’, वडिलांच्या दाखल्यावर ‘नवबौद्ध’ आणि मुलाच्या दाखल्यावर ‘बौद्ध’ अशी नोंद सापडते. धर्मांतर 1956 चे, पण बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती मिळायला 1990 उजाडले. त्या मधल्या काळाच्या खुणा आपल्या कागदपत्रांवर आहेत. त्यात आडनावे बदलली, स्पेलिंग बदलले, गावाचे नाव सोडून वडिलांचे नाव लावले. तहसील कार्यालयातला माणूस समोर उभ्या असलेल्या कुटुंबाला विचारून हे समजून घेऊ शकतो. नावांची जुळणी करणाऱ्या यंत्राला मात्र हा इतिहास माहीत नाही. त्याच्या दृष्टीने ते वेगवेगळ्या घरातले लोक ठरू शकतात. शिष्यवृत्ती, जात पडताळणी, घरकुल, शिधापत्रिका ही सगळी कामे उद्या अशा जुळणीवर गेली, तर सर्वात आधी आपण अडखळू.

धम्म काय सांगतो?

केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी दिलेला उपदेश आपण सर्वजण जाणतो. परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, सांगणारा आदरणीय आहे म्हणून काही मान्य करू नका, स्वतः तपासून पाहा. आज या यादीत ‘संगणकाने सांगितले म्हणून’ हेही जोडायला हवे. कार्यालयात ‘सिस्टीममध्ये येत नाही’ असे उत्तर मिळाले की आपला माणूस मान खाली घालून परत फिरतो. एकेकाळी पोथीत लिहिले आहे म्हटले की असेच गप्प बसावे लागे. पोथीला प्रश्न विचारायला आपण शिकलो, तसे सिस्टीमलाही विचारायला शिकले पाहिजे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. तथागतांनी कर्माचे मूळ चेतनेत सांगितले. यंत्राला चेतना नाही. ते कोणाचे भले चिंतत नाही आणि वाईटही चिंतत नाही. म्हणून यंत्राने धान्य नाकारले, असे वाक्यच चुकीचे आहे. ते यंत्र विकत घेणारा, त्याची रेषा ठरवणारा, त्याच्या अंदाजाला आदेश मानणारा आणि चूक दिसूनही गप्प बसणारा, अशी माणसे त्यामागे असतात. जबाबदारी त्यांची आहे. यंत्राकडे बोट दाखवून ती झटकता येणार नाही.

आपण काय मागायचे?

भारतात कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी स्वतंत्र कायदा नाही. 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, पण त्यात सरकारी यंत्रणांना बऱ्याच सवलती आहेत आणि त्याच कायद्याने माहिती अधिकारातील एक महत्त्वाचे कलमही आक्रसले आहे. याउलट कर्नाटकने 2025 मध्ये गिग कामगारांसाठी केलेल्या कायद्यात, कामाचे वाटप आणि मोबदला ठरवणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेची माहिती कामगाराला देण्याचे बंधन कंपन्यांवर घातले आहे. म्हणजे इच्छा असेल तर हे जमते. आमच्या मते समाजातील संघटनांनी आणि लोकप्रतिनिधींनी पुढील मागण्या लावून धरायला हव्यात.

1. चेहरा किंवा बोट जुळले नाही म्हणून अन्न, पेन्शन किंवा शिष्यवृत्ती त्या दिवशी थांबता कामा नये. ओळख पटवण्याचा साधा कागदी मार्ग त्याच ठिकाणी, त्याच वेळी खुला असावा.
2. यंत्राच्या मदतीने नकार दिला गेला असेल, तर तसे लेखी सांगावे, कारण द्यावे आणि कोणत्या अधिकाऱ्याकडे दाद मागायची त्याचे पद लिहून द्यावे.
3. सरकारी कामात येणाऱ्या प्रत्येक यंत्रणेची आधी आणि नंतर तपासणी व्हावी. ती अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त आणि महिला यांच्या बाबतीत किती वेळा चुकते, याचे आकडे जाहीर व्हावेत. राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाला कलम 338 नुसार माहिती मागवण्याचे आणि चौकशी करण्याचे अधिकार आहेत. आयोगाने ते इथे वापरावेत.
4. खाजगी बँका आणि कंपन्या कर्ज किंवा नोकरीसाठी अशी चाळणी लावत असतील, तर आडनाव आणि पत्ता यांचा निकालावर काय परिणाम होतो, हे त्यांनी सिद्ध करून दाखवावे.

मागण्यांबरोबर घरचे कामही आहे. विहारात वंदनेनंतर आठवड्यातून एक तास कागदपत्रांसाठी ठेवता येईल. शिकलेल्या मुला-मुलींनी वस्तीतल्या लोकांच्या आधारवरचा नंबर चालू आहे का, नावाचे स्पेलिंग सगळीकडे सारखे आहे का, हे पाहावे. नकार मिळाला तर तारीख, वेळ आणि स्क्रीनवरचा मजकूर वहीत लिहून ठेवावा, जमल्यास फोटो काढावा. एकट्याची तक्रार ‘तांत्रिक अडचण’ म्हणून बाजूला पडते. एका तालुक्यातल्या पन्नास वह्या एकत्र आल्या की तो पुरावा होतो. माहिती अधिकारात यंत्रणा कोणाकडून घेतली, किती खर्च झाला, किती वेळा जुळणी फसली, असे प्रश्न विचारता येतात. यंत्राची चूक ही कोणाची वैयक्तिक माहिती नाही.

1 मार्च 2027 या संदर्भ दिनांकाच्या जनगणनेत जातीचीही नोंद होणार आहे. 2011 मध्ये देशात सुमारे 84 लाख बौद्ध नोंदले गेले, त्यातले 65 लाखांहून अधिक महाराष्ट्रातले. पुढच्या अनेक यंत्रणांचे अंदाज याच आकड्यांवर उभे राहतील. धर्माच्या आणि जातीच्या रकान्यात काय लिहायचे, याची चर्चा प्रत्येक घरात आताच झाली पाहिजे. जो नोंदीत नाही तो यंत्राच्या लेखी नाहीच.

शेवटची गोष्ट शिक्षणाची. केंद्राने 2024 मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोहिमेसाठी 10 हजार कोटींहून अधिक रुपये मंजूर केले. त्यातून घडणाऱ्या यंत्रांना कोणती उदाहरणे दाखवायची, हे त्या खोलीत बसलेली माणसे ठरवतील. त्या खोलीत आपली मुले-मुली नसतील, तर आपली बाजू मांडायला कोणी नसेल. पुण्याच्या बार्टीने स्पर्धा परीक्षांची तयारी करून घेतली, हे मोठे काम झाले. आता त्याच ताकदीने संख्याशास्त्र, डेटा तपासणी आणि संगणकविज्ञान यांचे वर्ग निघायला हवेत. वसतिगृहातल्या मुलीला ॲप वापरता येते, एवढ्यावर समाधान मानू नये. ते ॲप कुठे चुकते हे दाखवून देता येईल, इतके तिला शिकवले पाहिजे.

तोपर्यंत एक सवय आजपासून लावता येईल. पुढच्या वेळी खिडकीवरून ‘सिस्टीम घेत नाही’ असे उत्तर आले, तर परत फिरायचे नाही. शांतपणे म्हणायचे, ‘साहेब, सिस्टीम का घेत नाही ते लिहून द्या, आणि खाली तुमची सही करा.’